धुरवाडीची घोरपड आणि दूध संस्था

रविवारी दुपारी तानाबाईंच्या खानावळीतलं शेवटचं गिऱ्हाईक ढेकर देत बाहेर पडलं आणि रफिक पेंटरने आतून दाराला कडी घातली. मधल्या टेबलावरचे रश्श्याचे डाग त्याने ओल्या फडक्याने पुसले, वर वर्तमानपत्र अंथरलं आणि पिशवीतून एक चपटा रंगीत खोका काढून मधोमध ठेवला. खोक्यावर पंख पसरलेलं एक अगडबंब जनावर तोंडातून जाळ काढत होतं.

"घोरपड हाय व्हय?" हंबीररावांनी विचारलं.

"घोरपड न्हवं. ड्रॅगन."

"दिसाय तर घोरपडच की. पंख लावल्यात एवढंच."

हंबीरराव रोज पहाटे घरच्या म्हशींचं दूध सायकलवरून शहरात आणून घालत. जनावरांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, हे सगळ्यांना मान्य होतं. त्यामुळे ड्रॅगनचं बारसं तिथल्या तिथे उरकलं.

खोका आला होता बहरीनहून. रफिकचा मेव्हणा इलाही तिथे एका इंग्रज साहेबाची मोटार चालवायचा. साहेब मायदेशी परतला तेव्हा पोरांनी टाकून दिलेल्या सामानात हा खेळ निघाला, आणि घरात चित्रांचं वेड असलेला रफिक एकटाच म्हणून इलाहीने तो त्याला आणून दिला. आत नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि आठ, बारा, वीस तोंडांचे चमत्कारिक फासे होते. रफिकने शब्दकोश उशाला घेऊन चार महिने ते पुस्तक वाचलं आणि त्याला खेळ कळला. म्हणजे कळला असं त्याचं ठाम मत होतं, आणि कोल्हापुरात तेवढं पुरतं.

"सोपं हाय," त्याने सांगितलं. "मी गोष्ट सांगनार. तुमी त्या गोष्टीतली मानसं. म्होरं काय करायचं ते तुमी ठरवायचं. जमलं का फसलं ते फासा ठरवनार. दर रविवारी बसायचं आनि वरीसभर खेळायचं."

"आनि जिंकनार कोन?" गणपतरावांनी विचारलं. गणपतराव एका पतसंस्थेत कारकून होते. गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीला ते तीनदा उभे राहिले होते आणि तिन्हीदा पडले होते. चौथ्यांदा अर्ज भरलात तर माहेरी जाईन, असं बायकोने बजावल्यामुळे सध्या ते मोकळे होते.

"कोन एकटा जिंकत न्हाय. सगळ्यांनी मिळून घोरपडीला..." रफिकने जीभ चावली. "ड्रॅगनला मारायचं. डोंगरातल्या गुहेत जाऊन."

"बरोबरीत सुटल्याली कुस्ती म्हना की," हंबीरराव नाराजीने म्हणाले. पण तानाबाईंनी रात्रीसाठी राखलेल्या तांबड्या रश्श्याचा वास आतून येत होता, त्यामुळे कोणी उठलं नाही.

रफिकने ही माणसं उगाच निवडली नव्हती. वर्षभर चालणाऱ्या खेळाला चिवट माणसं लागतात, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. हंबीररावांनी एकदा एका म्हशीचा सौदा तीन बाजार लांबवला होता. गणपतरावांचं वर आलंच आहे. आणि खानावळीच्या मालकीण तानाबाई शेजाऱ्याशी एका गटारीवरून इतकी वर्षं भांडत होत्या की मूळचा शेजारी वारला होता आणि आता त्या त्याच्या मुलाशी भांडत होत्या. अशी माणसं खेळ अर्ध्यावर सोडणार नाहीत, याबद्दल रफिकला तिळमात्र शंका नव्हती. तिघांकडूनही त्याने जोतिबाची शपथ घेतली, की खाडा करणार नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, ते त्याने बायकोला, मलिकाला, तेवढं सांगितलं होतं. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. पण पाटीवर नाव दुसऱ्याचं, मोठ्या अक्षरात, सावली देऊन. त्याचं 'रफिक' खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. आयुष्यात एकदा तरी लोकांनी आपली गोष्ट ऐकावी, अशी त्याची भूक होती. डोंगराची वाट, वाटेवरची भुतं, आतला अंधार, आणि सरतेशेवटी त्या जनावराने उघडलेला एक डोळा, हे सगळं त्याच्या डोक्यात रंगवून तयार होतं. आता फक्त या तिघांना तिथवर न्यायचं होतं.

सुरुवात झोकात झाली. हंबीरराव योद्धा झाले. गणपतराव जादूगार झाले, कारण त्यात अंगमेहनत नव्हती. तानाबाईंना चोराची जागा रिकामी आहे असं सांगितल्यावर त्यांनी उलथनं उगारलं, म्हणून त्यांना वैदूबाई केलं. रफिकने दिवा मंद केला आणि आवाज खर्जात लावला.

"डोंगराच्या पायथ्याला धुरवाडी नावाचं गाव हाय. वरच्या गुहेतनं कायम धूर निघतोय. तुमी तिघं दमूनभागून येशीपाशी आलाईसा. रस्त्याला चिटपाखरू न्हाय."

तिघंही पुढे सरकून बसले. रफिकच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि इथेच त्याच्या हातून चूक झाली. गाव खेळाडूंना खरं वाटलं पाहिजे, असं पुस्तकात म्हटलं होतं. म्हणून त्याने जाता जाता आपल्या पदरचं एक वाक्य घातलं.

"म्हशी दारोदार हायत, पन गाव गरीब. सगळं दूध एकच व्यापारी नेतोय, आनि दील त्यो दर."

हंबीररावांनी मान वर केली. "फॅट बगून दर देतोय का नुसता मापावर?"

"काय?"

"दुधाला फॅट लावतोय का न्हाय त्यो?"

"हंबीरराव, त्यो व्यापारी गोष्टीत न्हाय. तुमी घोरपडीचं बगा."

"घोरपड काय पळून चाललीया? गाव लुटाय लागलंय हितं."

"संस्था काडाय पायजे," गणपतराव हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती रफिकने ओळखायला हवी होती. आमच्याकडे दोघं जमले की गप्पा होतात, तिघं जमले की संस्था निघते, आणि चौथा आला की दुसरं पॅनेल. पण रफिकला वाटलं, काढू देत संस्था, एक रविवार जाईल. वीस तोंडांचा फासा पडला. चांगला पडला. धुरवाडी सहकारी दूध संस्था स्थापन झाली.

पुढच्या रविवारी तिघं वेळेआधी हजर. रफिक खूश झाला, पण ते आले होते संस्थेचे पोटनियम ठरवायला. गावकऱ्यांना मत द्यायचं की नाही यावर बराच खल झाला. गावकरी सगळे रफिकच्या तोंडून बोलणार, म्हणजे सगळी मतं त्याच्याच खिशात, हे गणपतरावांनी ध्यानात आणून दिलं. मग मत फक्त नावाने दाखल झालेल्या सभासदालाच द्यायचं आणि पंचाला मुळीच नाही, असं ठरलं. कुस्तीतला पंच तसा हा, म्हणून रफिकला ते आता पंच म्हणत होते.

पंच हात बांधून बसणाऱ्यांतला नव्हता. तिसऱ्या बैठकीला त्याने घोरपडीला भर दुपारी एक म्हैस उचलून न्यायला लावली. आता तरी तलवारी उपसतील म्हणून तो बघत राहिला. हंबीररावांनी विचारलं, "म्हैस विम्याची हुती का?" ती संध्याकाळ पंचनाम्यात गेली. मग त्याने एक म्हातारा साधू पाठवला, ज्याला गुहेतल्या खजिन्याची वाट ठाऊक होती. तिघांनी साधूला बसवून घेतलं, ताक पाजलं आणि संस्थेच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणा केलं. पुढल्या खेपेला त्याने राजाचा दूत धाडला, की घोरपड मारणाऱ्याला अर्धं राज्य. गणपतरावांनी दूतामार्फत राजाकडे शीतगृहासाठी अनुदान मागितलं. काहीही पाठवा, ते दुधात विरघळायचं.

"आज तरी गेली का गुहेत?" मलिका दर रविवारी विचारायची.

"आज दूध तापवायच्या लाकडावरनं भांडनं झाली. संध्याकाळचं दूध नासतंय म्हनं."

"मग?"

"मग काय. नासतंय खरं," रफिक म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही गत. पण खरी गंमत पुढेच होती. संस्थेला चेअरमन हवा होता. हंबीरराव म्हणाले, म्हशीतलं कळतं कुणाला, मला. गणपतराव म्हणाले, कागदातलं कळतं कुणाला, मला. मतं तीन. दोघांचं एकेक स्वतःला, हे उघड होतं. उरल्या तानाबाई.

त्या आठवड्यात खानावळीच्या मागच्या दारी रोज सकाळी सायीचं घट्ट दूध यायला लागलं. आणि पतसंस्थेतून सुटल्यावर गणपतराव वाट वाकडी करून येत आणि म्हणत, "मावशी, गटारीचा अर्ज लिहून देऊ का नगरपालिकेला?" धुरवाडीतलं मत होतं, पण दूध खरं होतं आणि अर्जही खरा होता. तानाबाई दोघांनाही "बगू की" म्हणत. दोघांची आपसातली बोलाचाल बंद पडली. हंबीररावांची सायकल आणि गणपतरावांची छत्री रस्त्यात समोरासमोर आली तर दोघं दोन बाजूंच्या पाट्या वाचायला लागत, आणि त्या पाट्या रफिकनेच रंगवलेल्या होत्या.

मतमोजणीचा रविवार उजाडला. टेबलाच्या एका टोकाला हंबीरराव, दुसऱ्या टोकाला गणपतराव आणि मध्ये तानाबाई, हाताची घडी घालून. गुहेचं नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं. रफिकने एकदा खाकरून पाहिलं. "डोंगरावर धूर वाडलाय," तो म्हणाला.

"वाडू दे. पेटी उघडा," गणपतराव म्हणाले.

रफिकच्या डोक्यातली शीर तटकन उडाली. तो उभा राहिला. "घोरपड आली," तो म्हणाला. "आभाळ काळं झालं. तिनं तोंड उघाडलं आनि तुमची डेअरी, तुमच्या किटल्या, तुमची पेटी, मतं, सगळं जळून खाक झालं. राख झाली. आता बसा."

पहिलं तोंड उघडलं ते तानाबाईंनी.

"फासा कुटं टाकलास?"

"आं?"

"आमी शेन काडायचं म्हटलं तरी तू फासा टाकाय लावतोस. मग अख्खी डेअरी बिनफाशाची कशी जळली?"

नियमांच्या बाबतीत शब्दकोश घेऊन बसलेला माणूस रफिक. आणि नेमका त्यानेच नियम मोडला होता. जे इतके दिवस एकमेकांशी बोलत नव्हते ते हंबीरराव आणि गणपतराव आता एका बाजूला सरकले.

"पंचावर अविश्वास ठराव," गणपतराव म्हणाले. तीन वेळा पडलेल्या माणसाच्या आवाजाला इतकी धार असू शकते, हे कोणाला माहीत नव्हतं.

"असा ठराव पुस्तकात न्हाय," रफिक म्हणाला.

"मांडायचा न्हाय असं लिवलंय का पुस्तकात?"

तसंही लिहिलं नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला. तिघांनीही जोतिबाची शपथ घेतलेली, त्यामुळे खेळ थांबवणं शक्य नव्हतं. नवा पंच म्हणून तानाबाईंचं नाव आलं, कारण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला त्या खुर्चीत बसू दिलं नसतं. रफिक पिशवी न घेताच घरी गेला.

"माजाच खेळ, माजीच घोरपड, आनि मलाच भाईर काडलं," तो मलिकाला म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. आठवडाभर त्याने ज्या पाट्या रंगवल्या त्यांतल्या एकीवर सावली उलट्या बाजूला पडली.

"मग आता?"

"खोका घिऊन येतो माघारी. सपला इषय."

रविवारी तो गेला तो याच इराद्याने. दारातून त्याने पाहिलं, तर त्याच्या खुर्चीत तानाबाई ऐसपैस बसल्या होत्या आणि फासे पोळपाटावर मांडलेले होते. त्याला पाहून त्यांनी पायानेच एक स्टूल पुढे ढकललं.

"बस. तुजं नाव घातलंय सभासदात. एक म्हैस हाय तुला."

"मी खोका न्यायला आलोय."

"म्हैस गाभन हाय," हंबीरराव म्हणाले.

रफिक बसला. गाभण म्हैस टाकून उठून जायचं, हे त्यालाही बरं दिसलं नाही.

तानाबाईंची गोष्ट सांगायची पद्धत वेगळी होती. दिवा मंद नाही, खर्ज नाही. गिऱ्हाइकाला उधारी सांगावी तशा त्या सांगत होत्या. "घोरपड आपल्या पायानं गावात आलीया. जळक्या डेअरीम्होरं बसलीया. मान खाली घालून."

"का?" रफिकने विचारलं. त्याची घोरपड असं कधी करत नसे.

"मला काय इचारतोस. भूक लागली आसंल."

हंबीररावांनी तलवार उपसली. इतके रविवार रफिकने ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता. फासा पोळपाटावर गडगडला. तानाबाईंनी वाकून पाहिलं. "बसला वार. मानंवर. आजून एक बसला की सपली."

रफिकने डोळे मिटले. चार महिने त्याने त्या जनावराचा एकेक खवला मनात रंगवला होता. ते मरणार होतं हे त्याला मान्य होतं. पण गुहेत, अंधारात, वर्षाच्या शेवटी, सगळ्यांचे श्वास रोखलेले असताना. असं चौकात, किटल्यांच्या राड्यात, रविवारच्या कोंबडीसारखं नाही. हंबीररावांनी पुन्हा फासा उचलला तेव्हा त्याने त्यांचं मनगट धरलं.

"ठराव मांडायचा हाय मला."

"मधीच?"

"सभासद हाय मी."

गणपतरावांचा नाइलाज झाला. ठराव म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मांडा."

"घोरपडीला संस्थेचं सभासद करून घ्यावं."

"डेअरी जाळली तिनं," हंबीरराव म्हणाले.

"डेअरी मी जाळली. रागाच्या भरात. तिचा काय दोष त्यात?" रफिकने मनगट आणखी घट्ट धरलं. "आनि हंबीरराव, संध्याकाळचं दूध नासतंय म्हनून किती रविवार बोंबलताय तुमी? लाकूड पुरत न्हाय. ही एक फुंकर मारंल तर सगळ्या गावचं दूध तापतंय."

हंबीररावांनी तलवार खाली केली. ते मनातल्या मनात लाकडाच्या मोळ्या मोजत होते, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. "पन रतीब काय देनार तिला?"

"ताक," तानाबाई म्हणाल्या.

गणपतराव वेगळाच हिशेब करत होते. त्यांनी घसा साफ केला. "सभासद झाली म्हंजे तिला मत आलं. तिच्या वतीनं बोलनार कोन? मावशी बोलत असतील तर माजी हरकत हाय. पंचाला मत न्हाय."

"मी न्हाय बोलत. ठराव ज्यानं मांडला त्यो बोलंल," तानाबाईंनी निकाल दिला.

ठराव मंजूर झाला. घोरपडीचं नाव दाखल झालं. आणि मग हंबीरराव आणि गणपतराव या दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं, की चेअरमनची निवडणूक अजून व्हायची आहे आणि रफिकच्या हातात आता दोन मतं आहेत. हंबीररावांनी मनगट सोडवून घेऊन तोच हात रफिकच्या पाठीवरून फिरवला. "रफिकभाई, उद्यापासनं तुमच्या घरी दूध माजं." गणपतरावांनी तंबाखूची डबी पुढे केली, जी ते सहसा कोणापुढे करत नसत.

"मत सांगा एकेकानं," तानाबाई म्हणाल्या. "हंबीर?"

"मी मला."

"गनपत?"

"मी मला."

"रफिक?"

रफिकने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. इतक्या आशेने त्याच्या तोंडाकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. "माजं मत घोरपडीला," तो म्हणाला.

"घोरपड उभीच न्हाय," गणपतराव म्हणाले.

"सभासद हाय ती. सभासदानं उभं ऱ्हायाचं न्हाय असं पोटनियमात हाय का?"

नव्हतं. पोटनियम गणपतरावांनीच केले होते. त्यांचा चेहरा चौथ्यांदा पडला.

"आनि घोरपडीचं मत?" तानाबाईंनी विचारलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाटलं होतं.

"ती बी तुमच्यासारकीच की. सोताला."

दोन विरुद्ध एक विरुद्ध एक. तानाबाईंनी पोळपाटावर उलथनं आपटून निकाल जाहीर केला. हंबीररावांनी पागोटं सारखं केलं आणि गणपतरावांकडे पाहिलं. पडलेला पडलेल्याशी बोलतो, त्यांची बोलाचाल पुन्हा सुरू झाली. "ऱ्हाऊ दे. निदान तू तर न्हाईस झालास," ते म्हणाले. "तेच म्हनतोय मी," गणपतराव म्हणाले. निवडून आलेल्या चेअरमनचा मान ठेवायचा, एवढं दोघांनाही कळत होतं.

"मग चेअरमनसायेब," हंबीररावांनी रफिककडे तोंड करून विचारलं, "पहिली सभा कवा? डेअरी तर जळाली. बसायचं कुटं?"

रफिकने स्टूल जरा पुढे ओढलं. पाठ ताठ केली. आवाज आपोआप खर्जात गेला.

"सभा चेअरमनच्या घरी," तो म्हणाला. "वर. गुहेत. हितनं म्होरं सगळ्या सभा तितंच."

"लई चढ हाय म्हनं."

"चेअरमनची सोय बगाय पायजे."

गणपतरावांनी सुस्कारा सोडून मशाल पेटवली. हंबीररावांनी ताकाची किटली खांद्याला अडकवली, सभेला रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून. तानाबाईंनी हात लांब करून दिवा मंद केला.

"वाट कशी हाय मला ठावं न्हाय," त्या म्हणाल्या. "तूच सांग."

आणि रफिक सांगायला लागला.